ताई, ती दार उघडणार आहे का?

मागच्या आठवड्यात ऑडिओबुकच्या रेकॉर्डिंगमधला माझा एक छान जमलेला टेक (एका दमात वाचलेला तुकडा) वाया गेला. चूक माझी नव्हती. जीभ अडखळली नाही, खुर्ची करकरली नाही, पोट गुरगुरलं नाही (बंद बूथमध्ये बसून वाचणाऱ्यासाठी पोटाइतका बेभरवशाचा अवयव दुसरा नसतो). कादंबरीतली बाई जिना चढून वर आली होती, तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला होता, आणि पुढच्या वाक्याआधी जेवढं थांबायला हवं तेवढी मी थांबले होते. तेवढ्यात हेडफोनमध्ये खट्ट झालं आणि काचेपलीकडून आमचा रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, ती दार उघडणार आहे का?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तोही ओशाळला. टॉकबॅकचं (काचेपलीकडून बूथमध्ये बोलायचं) बटण आपण दाबलंय हे त्याला आवाज बाहेर पडल्यावर कळलं असावं.

मी नऊ वर्षं ऑडिओबुकांसाठी वाचन करतेय आणि त्यातली सहा वर्षं काचेपलीकडे हाच मुलगा असतो. तो गोष्ट ऐकत नाही, आवाज ऐकतो. 'स'ची शिट्टी वाजली का, 'प' माइकवर आपटला का, लांबून एखादी गाडी गेली का, एवढंच त्याचं जग. एकदा आम्ही तीन दिवस एका खुनाच्या कादंबरीचं रेकॉर्डिंग केलं आणि चौथ्या दिवशी सकाळी त्याने मला विचारलं होतं, "हे पुस्तक कशावर आहे?" असा माणूस बटण दाबतो तेव्हा लेखकाने काहीतरी केलेलं असतं.

घरी येईपर्यंत डोक्यात तेच घोळत होतं. मग त्या प्रश्नातली गंमत लक्षात आली. दारामागे कोण आहे, असं त्याने विचारलंच नव्हतं. ते त्याला माहीत होतं. लेखकाने चार पानं आधीच सांगून टाकलं होतं की ज्याच्यापासून ती लपतेय तो माणूस आत शिरलाय, पडद्यामागे उभा आहे, त्याच्या बुटांना ओला चिखल लागलाय. झाकलेलं काही उरलंच नव्हतं. आणि तरी, खरं तर त्यामुळेच, त्या मुलाचा जीव टांगणीला लागला होता.

हा वाक्प्रचार मला फार आवडतो. 'सस्पेन्स' ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचाही अर्थ टांगणं, लोंबकळत ठेवणं असाच आहे. पण टांगायचं नेमकं काय, हे आपला वाक्प्रचार जास्त स्पष्ट सांगतो. जीव. रहस्य नव्हे. थरारकथा म्हणजे काहीतरी दडवून ठेवणं, अशी समजूत लेखकांतही इतकी पक्की असते की एवढा साधा फरक सांगायला मला हा ब्लॉग लिहावा लागतोय.

माझी तयारी कशी असते ते सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते कळेल. रेकॉर्डिंगआधी पुस्तक दोनदा वाचायचं. पहिल्यांदा वाचक म्हणून, शेवटापर्यंत. दुसऱ्यांदा टॅबवर तीन रंग घेऊन. ऐकणाऱ्याला जे कळलंय ते पिवळं, मुख्य पात्राला जे कळलंय ते निळं, आणि वाईटावर उठलेल्या माणसाला जे कळलंय ते लाल. सुरुवातीला हे मी फक्त आवाजाच्या सोयीसाठी करत होते. नायिकेला अजून कळलेलंच नसेल तर तिचं वाक्य घाबरून वाचून कसं चालेल? पण तीस-चाळीस पुस्तकं अशी रंगवून झाल्यावर एक नक्षी दिसायला लागली. निळा पुढे आणि पिवळा मागे असेल, म्हणजे गुप्तहेराला कळलंय पण आपल्याला नाही, तेव्हा मी पान उलटते ते कुतूहलाने. पिवळा आणि निळा जोडीने चालतात तेव्हा मी त्या पात्राचा हात धरून चालते. आणि पिवळा निळ्याच्या पुढे निघून जातो तेव्हा माझ्या घशाला कोरड पडते. हे कितव्याही टेकला होतं. मला शेवट माहीत असतानाही होतं. ते का होतं, हा प्रश्न मला कितीतरी दिवस छळतोय, त्याच्याकडे येतेच.

पिवळा पुढे जाण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने दिलेलं आहे. 1962 साली फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने त्याच्याशी कित्येक तास गप्पा मारल्या, त्यांचं पुढे पुस्तक झालं. त्यात तो टेबलाखालच्या बॉम्बची गोष्ट सांगतो. दोन माणसं टेबलाशी बसून काहीतरी निरर्थक बोलतायत आणि एकदम स्फोट होतो: प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तेच बोलणं, पण बॉम्ब आणि घड्याळ प्रेक्षकाला आधी दाखवलं: मग पंधरा मिनिटं तो मनातल्या मनात ओरडत राहतो, अरे उठा तिथून! हे उदाहरण लेखनाच्या प्रत्येक कार्यशाळेत येतं, त्यामुळे त्याची धार गेलीय. मला त्याच्या मागची कथा जास्त महत्त्वाची वाटते. हिचकॉकने 1936 साली 'सॅबोटाज' नावाच्या चित्रपटात अगदी असाच बॉम्ब वापरला होता. एक शाळकरी मुलगा पुडकं घेऊन शहरातून निघालाय. आत काय आहे ते आपल्याला माहीत, त्याला नाही. तो रस्त्यात रेंगाळतो, त्याला उशीर होतो, बस गर्दीत अडकते, मध्येमध्ये घड्याळं दिसतात. आणि बॉम्ब फुटतो. मुलगा जातो, बसमधले लोकही जातात. प्रेक्षक भडकले. नंतर आयुष्यभर हिचकॉक म्हणत राहिला की ती आपली चूक होती, एवढा ताण दिल्यावर सुटका द्यायला हवी होती.

मला तो स्वतःवर जरा जास्तच कडक होता असं वाटतं. मुलं मरणार नाहीत, नायिका मरणार नाही अशी हमी एकदा मिळाली की टेबलाखालचा बॉम्ब पण खेळण्यातला होतो. ज्या दिग्दर्शकाने एकदा शब्द मोडलाय त्याच्यासमोर आपण सावध बसतो. त्याच माणसाने 1960 मध्ये 'सायको' केला आणि निम्मा चित्रपट व्हायच्या आत नायिकेला मारून टाकलं. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा दंडकच त्याने चित्रपटगृहांना घालून दिला होता. उशिरा येणारा प्रेक्षक नाव वाचून नायिकेची वाट बघत बसला असता आणि ती आधीच गेलेली असती.

'सायको' म्हटलं की सगळ्यांना न्हाणीघरातला तिचा खून आठवतो. मला त्यानंतरची दलदल आठवते. खून झाल्यावर मोटेल चालवणारा तो कोवळा, भेदरलेला मुलगा सगळं पुसून काढतो, प्रेत गाडीत टाकतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. गाडी हळूहळू बुडायला लागते. आणि मध्येच थांबते. छप्पर वर राहतं. त्या क्षणी मी काय केलं ठाऊक आहे? मी मनात म्हटलं, बुड, बुड ना! जिच्याबरोबर मी इतका वेळ घालवला तिचं प्रेत त्या गाडीत होतं आणि पुरावा लपावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. मग गाडी बुडली आणि मी सुटकेचा श्वास सोडला, आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली. चांगल्या बाजूच्या माणसासाठीच जीव टांगणीला लागतो असं काही नाही. एखाद्याला काहीतरी निस्तरायचं आहे आणि ते निस्तरताना आपण त्याच्या शेजारी उभं आहोत, एवढं पुरतं. खुन्याचा आवाज काढताना मला ही दलदल फार उपयोगी पडते. त्याला दुष्ट आवाज द्यायचा नाही. घाईत असलेल्या माणसाचा द्यायचा.

आता एक जुनी गोष्ट. कॉलेजात असताना मी वाचनालयातून एक जाडजूड रहस्यकथा आणली. पहिल्याच पानावर, शीर्षकाच्या खाली, कुणीतरी बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: "खुनी डॉक्टर आहे." मी इतकी चिडले की पुस्तक परत करायला निघाले. पण वाचनालय बंद झालं होतं, दुसरं पुस्तक घरात नव्हतं, म्हणून नाइलाजाने वाचायला घेतलं.

ते मी रात्रभर वाचलं. डॉक्टर पहिल्यांदा येतो तो पाहुण्यांच्या गर्दीत, दोन ओळींपुरता. कुठल्याही वाचकाने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. मी मात्र ताठ झाले. त्याने एका म्हाताऱ्या बाईला गोळी दिली, मी पुस्तक घट्ट धरलं. तो मुलीला म्हणाला, "चल, तुला घरापर्यंत सोडतो," आणि मी खरोखर मोठ्याने "नको" म्हणाले. लेखकाने ज्या पानांवर निवांत गप्पा लिहिल्या होत्या ती मला श्वास रोखून वाचावी लागत होती. रहस्यकथा म्हणून लिहिलेलं पुस्तक मी थरारकथा म्हणून वाचत होते, आणि हा बदल तीन शब्दांनी घडवला होता.

शेवटी खुनी डॉक्टर नव्हताच. पेन्सिलवाला खोटारडा होता. त्या रात्री त्याला मी काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण आज वाटतं की त्या पुस्तकात जर कुणी कसबी लेखक असेल तर तो हाच.

तर खुनी कोण हे सुरुवातीलाच सांगितल्याने पुस्तक मरत नाही, ते दुसरंच होतं. हा सौदा लेखकाने जाणीवपूर्वक केल्याचं माझ्या माहितीतलं सर्वांत धाडसी उदाहरण पुन्हा हिचकॉकचंच आहे. 'व्हर्टिगो' (1958) हा चित्रपट बॉयलो आणि नार्सेजाक या फ्रेंच जोडीच्या 1954 सालच्या कादंबरीवर बेतलाय. कादंबरीत मोठं गुपित शेवटी फुटतं. चित्रपटात ते शेवटाच्या बरंच आधी फुटतं: ती स्त्री एक पत्र लिहायला बसते आणि आपल्याला सगळं कळतं, नायकाला काहीच कळत नाही. (ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच ठेवते. हो, मीही पेन्सिलवालीच झाले, पण निदान खरं लिहिलं.) गुपित राखलं असतं तर शेवटी एक मोठा धक्का मिळाला असता. ते फोडल्यामुळे त्यानंतरचा प्रत्येक प्रसंग, ती केस कसे बांधते, कुठला पोशाख घालते, हे सगळं सहन होईनासं होतं. एका धक्क्याच्या बदल्यात उरलेल्या चित्रपटभर घालमेल. मला कुणी विचारलं तर मी हाच व्यवहार करीन.

मग शेवटच माहीत असेल तर? फ्रेडरिक फोरसाइथची 'द डे ऑफ द जॅकल' ही कादंबरी 1971 मध्ये आली. कथा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या हत्येच्या कटाची. द गॉल यांची हत्या झाली नाही हे जगाला माहीत होतं. ते 1970 मध्ये स्वतःच्या घरी, नैसर्गिक मृत्यूने गेले. कट फसणार हे कव्हर उघडण्याआधीच ठरलेलं. काही प्रकाशकांनी पुस्तक नाकारलं त्यामागे हेही कारण होतं, आणि मी प्रकाशक असते तर मीही बहुधा तेच केलं असतं. पण वाचायला बसलं की खोटा पासपोर्ट कसा मिळवायचा, बंदूक कशाच्या आत लपवायची, कलिंगडासारख्या फळावर नेम कसा तपासायचा, या एकेका पायरीवर आपण अडकतो. मारेकरी यशस्वी होणार का, हा प्रश्न राहतच नाही. आता पुढच्या तपासणी नाक्यावर त्याचं काय होणार, एवढाच राहतो. मोठ्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असलं तरी छोटे प्रश्न रांगेत उभे असतात आणि वाचणारा माणूस एका वेळी एकाच प्रश्नात राहतो.

यावर मानसशास्त्रात काम झालंय. रिचर्ड गेरिग यांनी 1989 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना जॉर्ज वॉशिंग्टनबद्दलचे असे परिच्छेद वाचायला दिले ज्यांत तो अध्यक्ष होईल की नाही अशी शंका उभी केली होती. नंतर "वॉशिंग्टन अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला, खरं की खोटं?" असं विचारल्यावर, शाळेपासून पाठ असलेल्या या गोष्टीला होकार द्यायला त्यांना जास्त वेळ लागला. म्हणजे माहिती डोक्यात असते, पण गोष्ट वाचत असताना ती मदतीला धावून येत नाही. हे वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं. तिसऱ्या टेकला घसा कोरडा पडणं हे माझं वेड नव्हतं तर.

दुसरा एक अभ्यास बराच गाजला, 2011 चा, सॅन डिएगोच्या लेविट आणि ख्रिस्टनफेल्ड यांचा. बारा लघुकथा घेतल्या, काही वाचकांना शेवट आधी सांगितला, आणि एकंदरीत शेवट माहीत असलेल्यांना कथा थोड्या जास्तच आवडल्या. यावरून "स्पॉयलरने काही बिघडत नाही" अशी हाकाटी झाली. मला ते पटत नाही. लघुकथा एका बैठकीत संपते. बारा तासांचं ऑडिओबुक ऐकणाऱ्याला चौथ्या तासाला कुणी शेवट सांगितला तर तो त्या माणसाशी बोलणं सोडेल, आणि त्याचं बरोबर असेल. शेवट कधी सांगायचा हे ठरवायचा हक्क लेखकाचा. मधल्या कुणाचा नाही. (पेन्सिलवाल्याला मी माफ केलंय, पण तो अपवाद.)

आता माझ्या कामाच्या मुद्द्यावर येते: वेग. माइकसमोर वाचणारे नवखे लोक थरारक प्रसंग आला की वाचताना पळायला लागतात. मीही पळायचे. माझी पहिली रेकॉर्डिंगं मी आता ऐकू शकत नाही, खून जवळ आला की बाई गाडी चुकत असल्यासारखी वाचतेय. प्रत्यक्षात छापील पानावर उलटंच घडत असतं. चांगला लेखक जिथे काहीच होत नाही तिथे सहा महिने एका वाक्यात उडवतो, आणि दाराच्या मुठीवर हात पडला की दोन सेकंदांची दोन पानं करतो. मूठ गार आहे. तिच्यावरचा मुलामा एका जागी उडालाय. आत कुठेतरी लाकूड करकरलं, की ते खालून आलं? हाच मजकूर चिखलाच्या बुटांआधी आला असता तर आपण जांभई दिली असती. त्यानंतर आला की प्रत्येक तपशील म्हणजे उशीर, आणि प्रत्येक उशीर म्हणजे सुटकेची एक शक्यता.

टॉमस हार्डीसारख्या 'गंभीर' लेखकानेही हे केलंय, 1873 च्या 'अ पेअर ऑफ ब्लू आइज'मध्ये. एक माणूस समुद्रकाठच्या कड्याला अक्षरशः लोंबकळतोय. आणि हार्डी काय करतो? त्याच्या डोळ्यांसमोर, खडकात, ट्रायलोबाइट नावाच्या त्रिखंडी समुद्री प्राण्याचा एक जीवाश्म आणून ठेवतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला, दगड झालेले डोळे याच्यावर रोखलेला. मग तो माणूस लटकल्या लटकल्या पृथ्वीच्या युगांमागून युगांत मागे जातो. बोटं सुटत चालली आहेत आणि लेखक भूगर्भशास्त्र काढून बसलाय! संपादकाने काटछाट केली असती. पण हे पान मोठ्याने वाचून बघा, हळू. जिभेला घाम फुटतो.

घड्याळ लागतंच, पण ते भिंतीवरचं असलं पाहिजे असं नाही. 'नोटोरियस' (1946) मध्ये ते शॅम्पेनच्या बाटल्यांचं आहे. मेजवानी चालू आहे, नायिका आणि तिचा साथीदार चोरलेल्या किल्लीने तळघरात शिरलेत, आणि वर शॅम्पेन संपत चाललीय. ती संपली की घरमालक आणखी आणायला तळघराकडे येणार. कुणीही घड्याळ बघत नाही, फक्त बाटल्या कमी होतात. आणि माझं सर्वांत आवडतं घड्याळ कानाने ऐकायचं आहे. 'द बर्ड्स' (1963) मध्ये ती बाई शाळेबाहेर बाकावर सिगारेट ओढत बसलीय, आतून मुलांचं गाणं ऐकू येतंय, आणि तिच्या पाठीमागे खेळाच्या लोखंडी सांगाड्यावर कावळे येऊन बसतायत. एक, मग आणखी. गाणं संपलं की मुलं बाहेर येणार. गाणं संपतच नाही, तेच तेच कडवं फिरून येतं. त्या चित्रपटाला नेहमीचं पार्श्वसंगीत नाही. आता घाबरा, असं सांगायला व्हायोलिन येत नाही, म्हणून ते गोड गाणं जास्त छळतं.

संगीताबद्दल एवढंच: 'जॉज'मधले (1975) ते दोन स्वर सगळ्यांना पाठ आहेत. पण दोन पोरं शार्कचा पुठ्ठ्याचा पंख लावून लोकांना घाबरवतात तेव्हा संगीतकार जॉन विल्यम्सने ते स्वर वाजवलेले नाहीत. खोट्या शार्कला संगीत नाही. असा प्रामाणिकपणा केला की प्रेक्षक निश्चिंत होतो, स्वर नाहीत म्हणजे शार्क नाही. आणि मग एकदा शार्क स्वरांशिवाय येतो. खुर्चीतून उडवायचं असेल तर आधी इतका वेळ खरं बोलावं लागतं. यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गला त्याला बराच वेळ न दाखवता काम चालवावं लागलं, हे तर प्रसिद्धच आहे. यंत्र धड चाललं असतं तर चित्रपट वाईट झाला असता, असं म्हणणाऱ्यांत मीही आहे.

मला स्वतःला सर्वांत जास्त घाम फोडणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती छापील पुस्तकाला कधी भेडसावत नाही. निनावी फोन. कागदावर लेखक लिहून मोकळा होतो: "पलीकडून आवाज आला." वाचकाच्या डोक्यात कुठलाही आवाज. पण मला तो काढायचा असतो! फोन करणारा म्हणजे दुसऱ्या प्रकरणापासून आपल्यासमोर वावरणारा सज्जन शेजारी असेल, तर शेजाऱ्याच्या आवाजात वाचलं की गुपित फुटलं, आणि भलत्याच आवाजात वाचलं की शेवटी ऐकणारा म्हणणार, तुम्ही फसवलंत. एका पुस्तकात यावर आम्ही अर्धा दिवस घालवला. शेवटी उपाय सुचला तो रेकॉर्डिस्टला: कुजबुजा. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे आवाजाची पट्टीच नाहीशी होते. बाईचा की पुरुषाचा, म्हातारा की तरुण, पटकन कळत नाही. राहतात ते फक्त उच्चार. मी शेजाऱ्याचे उच्चार ठेवले, वाक्याच्या शेवटी तोंड मिटायची त्याची लकब ठेवली, आणि कुजबुजले. ज्याला पकडायचं त्याला पकडता येईल. खोटं काहीच बोललं नाही. ती फोनची दोन पानं माझ्या नऊ वर्षांतलं मला सगळ्यात आवडणारं काम आहे, आणि त्याबद्दल आजपर्यंत एकाही ऐकणाऱ्याने काही म्हटलेलं नाही.

म्हणूनच मला त्या दुसऱ्या युक्तीचा संताप येतो. आपण पात्राच्या डोक्यात बसलोय, त्याचे विचार ऐकतोय, त्याला चिठ्ठी मिळते, तो ती वाचतो, "आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला." प्रकरण समाप्त. चिठ्ठीत काय होतं? ते सांगायचं नाही. अरे, मी त्याच्या डोळ्यांतून बघत होते ना? मग लेखकाने तेवढ्यापुरते माझे डोळे झाकले. हे वाचताना मला माझ्याच आवाजाची लाज वाटते. ऐकणाऱ्याच्या कॉलरला धरून ओढत नेल्यासारखं वाटतं. मांजराचंही तसंच. दार करकरलं, सावली हलली, आणि बाहेर आलं मांजर. एकदा ठीक. एका पुस्तकात मला अशी तीन मांजरं वाचावी लागली. तिसऱ्या मांजरानंतर खरा खुनी आला तेव्हा मला त्याच्याबद्दल थोडी सहानुभूतीच वाटली, त्याच्याकडे कुणी लक्षच देईना.

असो. त्या दाराकडे परत येते.

वाया गेलेला टेक आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. मधल्या वेळात मी त्या मुलाला एक वाचलेली गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून हिचकॉकसारख्या दिग्दर्शकांचे थरारक प्रसंग दाखवले, आणि पडद्याच्या कडांना लुकलुकणारे चौकडे ठेवले. ताण वाढला की मेंदूतला कडांकडे बघणारा भाग मंदावायचा, ताण उतरला की पुन्हा जागा व्हायचा. तो हसला आणि त्याने फोन दाखवला. काल त्या प्रसंगाच्या वेळी त्याला घरून चार फोन येऊन गेले होते. फोन टेबलावर, कोपरापासून वीतभर अंतरावर, आवाज बंद पण पडदा उजळत होता. त्याला एकही दिसला नव्हता.

"पण आज काही होणार नाही," तो म्हणाला. "रात्री मी पुढचं वाचून काढलं. मला माहितीय ती काय करते."

मी हेडफोन लावले. जिन्यापासून सुरुवात केली, तिचे पाय मोजत. मूठ गार होती, मुलामा उडाला होता, लाकूड करकरलं. मी थांबले. काचेपलीकडे त्याचा एक हात टॉकबॅकपासून लांब, मांडीखाली दाबलेला.

संध्याकाळी त्याने कच्चं संपादन पाठवलं. नियम असा की वाक्यांमधले माझे श्वास तो कापतो. ऐकणाऱ्याला बाईच्या फुप्फुसांत रस नसतो. सगळं प्रकरण स्वच्छ होतं. फक्त मुठीच्या वाक्यानंतर एक श्वास त्याने ठेवला होता. आत घेतलेला. बाहेर सोडलेला त्याने कापला होता.